चाळीस दिवस सही नाही

शमशुद्दीन शिकलगार यांना आमच्या एसटीच्या कार्यशाळेत सगळे शमशूभाई म्हणत. मी तिथं स्टोअरला क्लार्क होतो आणि ते ब्रेकच्या कामावर मेकॅनिक. गाडीला लागणारा प्रत्येक भाग माझ्या खिडकीतून त्यांच्या हातात जायचा, त्यामुळं दिवसातून दहा वेळा तरी आमची गाठ पडायची. उंच, किडकिडीत माणूस. खाकी कपड्यांवर ग्रीस असायचं, पण डबा खाताना हात असे धुऊन यायचे की नखातसुद्धा काळं दिसायचं नाही.

मूळ गाव नेसरी. वडील लालासाब खांद्यावर धारेचं चाक घेऊन गावोगावच्या बाजारात विळे, कोयते, अडकित्ते यांना धार लावायचे. धार लागली की नाही हे ते नखावर पातं टेकवून बघत आणि मगच गिऱ्हाइकाच्या हातात देत. एकसष्ट साली शमशूभाई कोल्हापूरला आले, हेल्पर म्हणून लागले आणि वीस वर्षांत हेडमेकॅनिक झाले. राजारामपुरीत दुकानांच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या भाड्यानं. बायको नजीरा घरीच ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवायची. एकच मुलगी, मेहमुदा, अभ्यासात हुशार.

अशा माणसाचा शेअरबाजाराशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. ऐंशी साली जोतीराम उपळेकर नावाचे विमा एजंट राजारामपुरीत शेअरचे अर्ज भरून देऊ लागले. एकदा ते विम्यासाठी कार्यशाळेत आले आणि बोलता बोलता त्यांनी पिशवीतून एका कंपनीचा अर्ज काढला. कंपनीचं नाव राजहंस ब्रेक लायनिंग. शमशूभाईंनी नाव वाचलं आणि हातातला पाना खाली ठेवला.

"ही आपली राजहंस? ब्रेकचं लायनर करणारी?"

"तीच. दहा रुपयाला एक शेअर. घेतला की तुम्ही कंपनीचे भागीदार."

"व्याज न्हाय न्हवं ह्यात?"

"व्याज कसलं? नफा झाला तर त्यातला वाटा. न्हाय झाला तर न्हाय."

व्याजाचा पैसा घरात आणायचा नाही, असं लालासाबांनी मुलाला बजावलं होतं. त्यामुळं बँकेत मुदतीची ठेव त्यांनी कधी ठेवली नव्हती. भागी मात्र चालत होती. नफ्यात वाटा आणि तोट्यातही वाटा, हे त्यांना पटण्यासारखं होतं. त्यांनी शंभर शेअरचा अर्ज भरला.

त्यांचं एक काम मला आधीपासून माहीत होतं. चंदगडच्या गाड्यांना कुठल्या कंपनीचं लायनर, म्हणजे ब्रेकच्या आत घासली जाणारी पट्टी, बसवलं, किती किलोमीटरला झिजलं, हे ते एका जाड पुठ्ठ्यावर खडूच्या पेन्सिलीनं लिहून ठेवायचे. त्या भागातला पाऊस, चिखल आणि उतार ब्रेकचा जीव काढतात. अकरा वर्षांच्या त्या नोंदीत राजहंस सगळ्यांत वर होतं. शेअर मिळाले तेव्हा त्यांनी कॅलेंडरचा एक कागद फाडून त्याच्या पाठीवर दोन ओळी लिहिल्या: "राजहंसचं लायनर सगळ्यांत जास्त टिकतं, म्हणून शेअर घेतले. मेहमुदाच्या शिक्षणाचा पैसा यात नाही." तो कागद त्यांनी शेअरच्या सर्टिफिकेटाला टाचणीनं लावला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"म्हातारपणी इसरायला हुतंय, सयाजीराव. कशासाठी घेतलं ते लिवलेलं बरं."

तेव्हा त्यांचं वय बेचाळीस होतं.

पुढची तीन वर्षं चांगली गेली. दहाचे पंधरा झाले, पंधराचे बावीस. ब्याऐंशीच्या दिवाळीला शेअर तीसच्या वर गेला. मुंबईचा पेपर दुपारी यायचा. कॅन्टीनमध्ये मी पहिल्यांदा भावाचं पान उघडायचो, शमशूभाई कुस्तीची बातमी शोधायचे. मला राहवेना. मीही पन्नास शेअर घेतले, एकतीसच्या भावानं. तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, "तुमी कशापायी घेताय?"

"वाढतोय की रोज."

त्यांना पटलं नसलं की ते मिशीवरून बोट फिरवायचे, तसं त्यांनी फिरवलं.

त्र्याऐंशीच्या जुलैत एका दुपारी पेपर उघडला तर राजहंसचा वर्षाचा निकाल आला होता. नफा आदल्या वर्षीच्या पावपटसुद्धा नाही. लाभांश अठरा टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर. तोवर छत्तीसच्या आसपास असलेला भाव चार दिवसांत बावीसवर आला. चौथ्या दिवशी मी पेपर घेऊन ब्रेकच्या शेडमध्ये गेलो. शमशूभाई बसच्या खाली होते, त्यांचे पायच दिसत होते.

"शमशूभाई, राजहंस बुडालं."

"कोण बुडालं?" ते सरकत बाहेर आले. पेपर हातात न घेता, मान वाकडी करून त्यांनी वाचला. चेहऱ्यावरचा रंग उतरला, हे मी पाहिलं. लोक नंतर म्हणायचे की त्या माणसाला कशाचं काही वाटत नव्हतं. ते खरं नाही. त्यांनाही वाटलं. त्यांच्या दृष्टीनं चार दिवसांत चौदाशे रुपये गेले होते आणि त्यांचा पगार तेव्हा नऊशेच्या आत होता.

"काय करायचं?" मी म्हटलं.

"बगू," म्हणाले आणि परत गाडीखाली गेले. पण त्या दिवशी त्यांच्याकडून लायनरची एक रिव्हेट तिरकी बसली. ती परत काढून बसवताना मी त्यांना पहिल्यांदा स्वतःवर चिडलेलं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत मी जोतीरामांच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे एक टेबल, दोन बाकडी आणि भिंतीवर विम्याचं कॅलेंडर. आत आठ-दहा माणसं होती, सगळी राजहंस विकायला आलेली. जोतीराम घामाघूम होऊन फॉर्म भरत होते. माझा नंबर लागला. मी विसाच्या भावानं विकायला सही केली. वळून बघतो तो बाकड्याच्या टोकाला शमशूभाई बसलेले. सर्टिफिकेट आणि सही केलेला फॉर्म मांडीवर. मला बघून थोडे ओशाळले.

जोतीराम म्हणाले, "आणा भाई. लवकर करा. उद्या सतरावर येतंय बगा."

शमशूभाई उठले. फॉर्म आणि सर्टिफिकेट पुढं केलं. जोतीरामांनी सर्टिफिकेटाची टाचणी काढली आणि मागचा कॅलेंडरचा कागद टेबलावर पडला. जोतीरामांनी तो सहज वाचला.

"लायनर टिकायचं बंद झालं काय भाई?" त्यांनी विचारलं. थट्टा नव्हती त्यात. त्यांना खरंच वाटलं असावं की ह्या माणसाला आतली काही माहिती असणार.

शमशूभाईंनी तो कागद उचलून स्वतः वाचला. मागचा माणूस ढकलायला लागला. शेवटी ते म्हणाले, "ते मला ठावं न्हाय. बघितलंच न्हाय मी." आणि फॉर्म, सर्टिफिकेट, कागद सगळं गोळा करून बाहेर पडले.

मी मागून गेलो. रस्त्यावर रिक्षांची गर्दी होती. आम्ही एका हॉटेलात चहाला बसलो. त्यांनी फॉर्मची चौकोनी घडी घातली आणि तो खिशात ठेवला.

"सयाजीराव, आज मी काय करत हुतो? बातमी आली, भ्यालो, सही केली. गाडीचा ब्रेक लागंना झाला तर मी डायवरला विचारतो, आवाज येतोय काय, कुठल्या चाकाचा, कदीपासनं. चाकाचा ड्रम उघडल्याबिगर हात लावत न्हाय. आणि हितं न बघताच सही केली."

"पण तोवर भाव आणखी पडला म्हंजे?"

"पडू दे. आमच्यात माणूस गेला तर चाळीसाव्यापतोर घरातल्या वाटण्याचं कुणी बोलत न्हाय. डोस्कं ठिकाणावर नसतंय म्हणून. हे तर कागूद हाय. आजपासनं चाळीस दिवस मी सही करणार न्हाय. इकायची बी न्हाय, घ्यायची बी न्हाय. तवर बगायचं."

मी माझी सही करून आलो होतो. मला ते बोलणं बोचलं, पण त्यात मला टोचायचा त्यांचा हेतू नव्हता. ते स्वतःशीच बोलत होते.

त्या चाळीस दिवसांत त्यांनी काय केलं ते मी जवळून पाहिलं. भाव बघायचा त्यांनी बंदच केला. मी कॅन्टीनमध्ये सांगायला गेलो तर हातानंच थांबवायचे. त्याऐवजी ते माझ्या खिडकीवर आले आणि म्हणाले, "राजहंसचा नवा माल आलाय काय? यंदाच्या सालात बनलेला?"

स्टोअरात दोन लॉट होते. एक जुना, एक त्याच वर्षी मे महिन्यात बनलेला. त्यांनी नव्या लॉटमधले दोन संच चंदगडच्या दोन गाड्यांना बसवले. कामाचाच भाग होता तो, वेगळं काही नव्हतं. फक्त पुठ्ठ्यावर त्या गाड्यांपुढं त्यांनी एक फुली मारली आणि दर आठवड्याला ड्रम उघडला की जाडी मोजायचे.

पंधरा दिवसांनी कंपनीचा वार्षिक अहवाल टपालानं घरी आला. त्या रविवारी मी त्यांच्याकडं गेलो होतो. नजीराभाभी मशीनवर गणवेशाच्या चड्ड्या शिवत होती, बाजूला निळ्या कापडाचा ढीग. मेहमुदा बारावीला होती. इंग्रजी अहवाल तिच्या हातात होता आणि शमशूभाई समोर मांडी घालून बसले होते.

"नफा का कमी झाला ते कुटं लिवलंय बग," ते म्हणाले.

मेहमुदानं दोन पानं उलटली. "अब्बा, कारखान्यात संप झाला होता. चौऱ्याहत्तर दिवस कारखाना बंद. आणि नवीन शेड बांधलीय, त्याच्या कर्जाचं व्याज."

"बंद हुता तवा माल कुणी घेतला न्हाय, ते बराबर. उघडल्यावर?"

तिनं शोधलं. "उघडल्यावर पहिल्यासारख्या ऑर्डर आल्यात म्हणतात. पुढच्या सहा महिन्यांच्या आहेत."

मशीन थांबलं. नजीराभाभीनं धागा तोडला. "ते लिवणारच तसं," ती म्हणाली. "आपला माल वाईट हाय असं कोण लिवंल? आणि माल चांगला आसला तरी मालक चांगला पायजे. मालकानं सोताचा पगार वाढवून घेतलाय काय ते बगा की आदी."

शमशूभाईंनी तिच्याकडं बघितलं. हे त्यांना सुचलं नव्हतं, हे दिसत होतं. मेहमुदाला ते पान सापडायला बराच वेळ लागला. बारीक अक्षरात होतं.

"कमी झालंय अम्मी. मालकांना मिळणारी रक्कम आदल्या वर्षीच्या निम्मी झालीय."

"मग ठीक हाय," भाभी म्हणाली आणि मशीन परत सुरू केलं. "माझ्या मशीनचा दांडा मोडला हुता तवा मी बी दोन म्हैने कमावलं न्हाय. गिऱ्हाईक आलंच की परत. पण मेहमुदाच्या डी.एड.चं पैसं काढून ह्यात घालशीला तर बगा."

"त्याला हात न्हाय लावत. लिवलंय की तसं."

चाळिसावा दिवस ऑगस्टच्या शेवटी आला. गौरी-गणपतीच्या जादा गाड्यांची तयारी चालली होती, सगळे कामात बुडालेले. शमशूभाईंनी दुपारी चंदगडच्या गाडीचा ड्रम उघडला आणि मला हाक मारून बोलावलं. नव्या लॉटचं लायनर त्यांनी बोटानं दाखवलं. झीज जुन्या मालाइतकीच होती, एका बाजूला तर थोडी कमीच. मग त्यांनी विचारलं, "आता सांगा, भाव काय?"

"साडेसोळा."

त्यांनी मान हलवली. खिशातल्या पाकिटातून तो घडी घातलेला फॉर्म काढला, फाडला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. हातावर ओव्हरटाइमचे पैसे होते. त्यातून त्यांनी पुढच्या आठवड्यात आणखी पन्नास शेअर घेतले आणि कॅलेंडरच्या कागदावर तिसरी ओळ लिहिली: "संपामुळं नफा पडला. माल तोच. मालक ठीक."

यानंतर लगेच भाव उसळला असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. वर्षभर तो सोळा ते वीसच्या मध्ये लोळत राहिला. ज्ञानू म्हणून आमचा टायरवाला होता, तो रोज विचारायचा, "काय भाई, राजहंस उडालं काय?" शमशूभाई हसायचे. म्हणायचे, "पंख वाळवाय बसलाय." त्या वर्षात मी त्यांना कधी उदास पाहिलं नाही. रोज सकाळी नळाचं पाणी भरायचे, सायकलनं कामावर यायचे, संध्याकाळी खासबागेत कुस्ती असली तर जायचे. मेहमुदा डी.एड.ला गेली. भाभीनं दुसरं मशीन घेतलं.

त्यांच्या शिस्तीची दुसरी बाजू मला पंच्याऐंशी साली कळली, आणि ती कळल्यावरच तो माणूस मला पुरता समजला.

त्यांच्याकडं चंद्रकोर गास्केट नावाच्या एका कंपनीचेही साठ शेअर होते. इंजिनच्या दोन भागांमध्ये तेल गळू नये म्हणून जे पातळ पॅकिंग बसवतात, ते ही कंपनी बनवायची. त्या वर्षी तिचा निकाल झकास आला. नफा दीडपट. भाव सव्वीसवरून चौतीस. जोतीरामांच्या दुकानात पेढे वाटले गेले. आणि त्याच आठवड्यात शमशूभाई माझ्या खिडकीवर आले. हातात तीन गास्केट.

"हे बगा. हे गेल्या सालातलं, हे दोन यंदाचं." त्यांनी नखानं कडा दाबून दाखवली. यंदाचं पॅकिंग पातळ होतं आणि कडेला भुसभुशीत. "इंजिनवाल्या पोरांनी तीन गाड्यांचं तेल गळतंय म्हणून सांगितलं. नफा कुटनं आला ते कळलं न्हवं?"

"एकादा लॉट वाईट असंल."

"आसंल. म्हणून चाळीस दिवस बगतो."

त्यांनी खरंच चाळीस दिवस वाट पाहिली. चांगल्या बातमीलाही तोच नियम. पुढचे दोन लॉट आले, दोन्ही तसेच. मी रीतसर वर तक्रार लिहिली आणि माल बदलून मागवला गेला. चाळीस दिवसांनी शमशूभाईंनी सगळे साठ शेअर सदतीसच्या भावानं विकले. जोतीराम कपाळाला हात लावून बसले. "भाई, पडला तवा इकला न्हाय आणि चढतोय तवा इकताय. तुमचं गणित उलटं हाय."

"गणित न्हाय. ज्यासाठी घेतलं ते ऱ्हायलं न्हाय."

गंमत अशी की चंद्रकोर पुढं पडला नाही. सहा महिन्यांत तो पन्नासवर गेला. दुसऱ्या एका मोठ्या कंपनीनं ती कंपनी विकत घेतली आणि भाव तिथंच राहिला. ज्ञानूनं कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर हिशेब मांडला, भाईंचे किती गेले त्याचा. मला वाटलं आता तरी हा माणूस हळहळेल. मी घरी जाताना विचारलं, "वाईट वाटत न्हाय?"

सायकल हातात धरून चालत होते. थोडं चालल्यावर म्हणाले, "थोडं वाटलं. खोटं कशाला बोलू. पण त्या गास्केटवर माझा भरोसा ऱ्हायला नव्हता, आणि भरोसा नसताना ठेवलं असतं तर मला झोप लागली नसती. आता लागती. तेवढं बास की."

राजहंसचा भाव चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर हळूहळू हलायला लागला. नवी शेड सुरू झाली, कर्ज फिटत आलं. पंच्याऐंशी साली सगळ्याच बाजारात तेजी आली आणि राजहंसनं एकाला एक शेअर फुकट दिला. शमशूभाईंचे दीडशेचे तीनशे झाले. मला विचाराल तर माझे पन्नास मला फार दिवस आठवत राहिले. एकदा मी ते त्यांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "तुमी त्या दिवशी घाबरला, मी बी घाबरलो. मला जोतीरामनं येक प्रश्न विचारला, तुमाला कुणी विचारला न्हाय. येवढाच फरक." असं म्हणून त्यांनी माझं मन राखलं. त्यानंतर मी कुठलाही शेअर घेतला की कारण लिहून ठेवू लागलो. पुष्कळदा लिहायला बसल्यावर कारणच सापडायचं नाही, मग घेणंच रद्द व्हायचं.

सत्त्याऐंशी साली त्यांनी राजारामपुरीच्या पलीकडं छोटा प्लॉट घेतला आणि घर बांधायला काढलं. भिंती फंडाच्या पैशात उभ्या राहिल्या. स्लॅबच्या सिमेंट-लोखंडासाठी त्यांनी राजहंसचे दोनशे शेअर विकले, अडतीसच्या भावानं. शंभर ठेवले. मेहमुदा तोवर गडहिंग्लजला शिक्षिका झाली होती. ती सुटीला आली होती आणि आईच्या बरोबरीनं विटा उचलत होती.

स्लॅब ओतल्यावर चौथ्या दिवशी मी बघायला गेलो. शमशूभाई वर होते, गोणपाट अंथरून त्यावर बादलीनं पाणी मारत होते. मी शिडीवरून वर चढलो आणि बोलायच्या ओघात सांगितलं, "राजहंस आज त्रेचाळीसला गेलाय. आठ दिवस थांबला असता तर हजार रुपये जास्त मिळालं असतं."

त्यांनी बादली खाली ठेवली. खाली अंगणात भाभी चुलीवर चहा करत होती, मेहमुदा कुणाशीतरी मोठ्यानं हसत होती. वरून पार टेंबलाईच्या टेकडीपर्यंत दिसत होतं.

"आठ दिस थांबलो असतो तर स्लॅब आठ दिस उशिरा पडला असता," ते म्हणाले. "आणि पाऊस आला असता मधी. सयाजीराव, आलायसा तर ती दुसरी बादली घ्या की. त्या कोपऱ्यातलं गोणपाट सुकलंय बगा."

मी बाह्या वर केल्या आणि बादली उचलली.